वाचकांचे प्रश्न : गल्ल्यातला डॉलर वस्तीत कसा राहतो?

मागच्या अंकात अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय उद्योजकांवर लेख होता. दुकानदार आपल्यातला आहे एवढ्याने वस्ती सावरत नाही; कर्ज कोण देतं, गाळा कोणाच्या नावावर आहे आणि माल कोण पुरवतो, यावर बरंच काही ठरतं, असं त्यात म्हटलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काहींना ही उत्तरं.

प्रश्न : कृष्णवर्णीय वस्तीत आलेला डॉलर सहा तासांत बाहेर जातो, आशियाई वस्तीत मात्र तो २८ दिवस फिरत राहतो, असं समाजमाध्यमांवर वारंवार वाचायला मिळतं. यात तथ्य किती?

उत्तर : हा आकडा वापरू नका. त्यामागे तपासून पाहता येईल असा अभ्यास नाही आणि एकेका नोटेचा माग असा काढताही येत नाही. मुळातली तक्रार मात्र खरी आहे, आणि ती मोजायची साधी रीत आहे. दुकानाचा महिन्याचा खर्च घ्यायचा आणि प्रत्येक रकमेपुढे ती घेणाऱ्याचा पत्ता लिहायचा.

समजा, एका केशकर्तनालयाचा महिन्याचा गल्ला २०,००० डॉलर आहे. कारागिरांना ९,००० गेले, भाड्याला ३,५००, सामानाला १,२००, कर्जाच्या हप्त्याला ९०० आणि विमा, वीज, कार्डाचं शुल्क यांना १,४००. मालकाला उरले ४,०००. मालक आणि कारागीर जवळपास राहत असतील तर १३,००० डॉलर निदान एक फेरा तरी वस्तीतच घेतील. गाळ्याचा मालक शहराच्या दुसऱ्या टोकाला असेल तर भाड्याचे ३,५०० पहिल्या तारखेलाच बाहेर गेले. हप्त्याचंही तेच.

हाच हिशेब किराणा दुकानाला लावा. तिथे १०० डॉलरच्या विक्रीतले ७० ते ७५ घाऊक व्यापाऱ्याकडे जातात. म्हणजे किराणा दुकान वस्तीत कमी पैसा ठेवतं, तर केस, पाळणाघर, दुरुस्ती, घरी येऊन रुग्णसेवा असे मजुरीवर चालणारे धंदे जास्त ठेवतात. म्हणून किराणा नको असं नाही. पण त्याच्याकडून पैसा फिरवण्याची अपेक्षा धरू नये. ताजं अन्न पायी जाण्याच्या अंतरावर मिळणं हेच त्याचं काम.

प्रश्न : कृष्णवर्णीयांनी स्वतःच्या बँका आणि विमा कंपन्या काढण्यावर इतका भर का दिला? आहेत त्या बँकांत खाती उघडून भागलं नसतं का?

उत्तर : तो प्रयोग आधी झाला होता. गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांच्या बचतीसाठी अमेरिकी काँग्रेसने १८६५ मध्ये फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँकेला सनद दिली. ठेवी कृष्णवर्णीयांच्या, कारभार मुख्यतः गोऱ्या विश्वस्तांचा. १८७० मध्ये सनद बदलून जमीनजुमल्याच्या तारणावर कर्ज देण्याची मुभा मिळाली आणि पैसा विश्वस्तांच्या ओळखीपाळखीच्या लोकांकडे जाऊ लागला. १८७३ च्या मंदीत ही कर्जं बुडाली, जून १८७४ मध्ये बँक बंद पडली. ६१,००० हून अधिक ठेवीदारांचे जवळजवळ ३० लाख डॉलर अडकले. सरकारची हमी आहे अशी लोकांची समजूत होती. प्रत्यक्षात हमी नव्हती. ठेव आपली आणि कर्ज कोणाला द्यायचं हे ठरवणारा दुसरा, याचा अर्थ त्या पिढीला पुरता कळला.

म्हणून पुढच्या पिढीने उलट्या टोकापासून सुरुवात केली. व्हर्जिनियातल्या रिचमंडमध्ये मॅगी लीना वॉकर यांनी इंडिपेंडंट ऑर्डर ऑफ सेंट ल्यूक ही आजारपणात आणि मयताला मदत करणारी संस्था सावरली आणि १९०३ मध्ये तिच्या आधारावर सेंट ल्यूक पेनी सेव्हिंग्ज बँक उघडली. सभासद आधीपासूनच होते, वर्गणी नियमित येत होती, त्यामुळे ठेवीदार शोधायला जावं लागलं नाही. मुलांना पुठ्ठ्याची पेटी देत. तीत शंभर पेनी जमल्या की खातं उघडायचं. डरहॅममध्ये १८९८ साली स्थापन झालेली नॉर्थ कॅरोलायना म्युच्युअल ही विमा कंपनी दर आठवड्याला घरोघर जाऊन सेंटांमध्ये हप्ते गोळा करत असे. १९०८ मध्ये त्याच मंडळींची मेकॅनिक्स अँड फार्मर्स बँक सुरू झाली. विम्याचा पैसा दीर्घ मुदतीचा असतो आणि घरकर्जाला तोच लागतो. डरहॅममधला कृष्णवर्णीय उद्योगांचा रस्ता, पॅरिश स्ट्रीट, उभा राहिला तो या जोडीवर.

तरीही एक दुवा सुटला होता. वॉकर यांनी १९०५ मध्ये सेंट ल्यूक एम्पोरियम हे मोठं दुकान काढलं. गोऱ्या दुकानदारांनी घाऊक व्यापाऱ्यांवर दबाव आणून मालाची वाट अडवली आणि ते दुकान काही वर्षांतच बंद झालं. बँक टिकली, कारण तिचा कच्चा माल म्हणजे सभासदांची बचत, आणि ती अडवणं कोणाच्या हातात नव्हतं.

या सगळ्याचा मतदानाशी आणि हक्कांशी थेट संबंध होता. १९५५ मध्ये मिसिसिपीतल्या याझू सिटीत ५३ कृष्णवर्णीयांनी शाळांतला वर्णभेद संपवण्याच्या अर्जावर सह्या केल्या. वर्णभेद टिकवू पाहणाऱ्या गोऱ्यांच्या सिटिझन्स कौन्सिल या संघटनेने त्यांची नावं वर्तमानपत्रात जाहिरात देऊन छापली. पाठोपाठ नोकऱ्या गेल्या, माल बंद झाला, आणि जवळजवळ सगळ्यांना सह्या मागे घ्याव्या लागल्या. त्यावर उपाय म्हणून एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेने आपल्या शाखांना आणि स्नेही संस्थांना मेम्फिसच्या कृष्णवर्णीय मालकीच्या ट्राय-स्टेट बँकेत ठेवी ठेवायला सांगितलं. त्या बळावर बँक असं नाक दाबलेल्या लोकांना कर्ज देऊ लागली. बर्मिंगहॅमच्या ए. जी. गॅस्टन यांनी मयतखर्चाच्या विम्यातून उद्योग वाढवला आणि १९५४ मध्ये मोटेल बांधलं. १९६३ च्या आंदोलनात मार्टिन लूथर किंग यांचा मुक्काम तिथेच होता आणि जामिनासाठी गॅस्टन यांनी पैसाही दिला. पगारासाठी किंवा कर्जासाठी गोऱ्या मालकाकडे जावं न लागणारा माणूसच हे करू शकत होता.

प्रश्न : टल्साचं ग्रीनवूड जाळलं गेलं हे ठाऊक आहे. पण ते पुन्हा उभं राहिलं असंही लेखात होतं. मग आज तिथे ते का दिसत नाही?

उत्तर : ग्रीनवूड ही ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरातली कृष्णवर्णीयांची व्यापारी वस्ती. तिचं दोनदा नुकसान झालं, आणि त्यातल्या दुसऱ्या वेळेबद्दल कमी बोललं जातं. ओ. डब्ल्यू. गर्ली यांनी १९०६ मध्ये तिथे जमीन घेऊन कृष्णवर्णीयांना विकायला सुरुवात केली होती. ३१ मे आणि १ जून १९२१ रोजी गोऱ्या जमावाने सुमारे ३५ चौकांचा हा भाग जाळला. विमा कंपन्यांनी दंगलीच्या कलमावर बोट ठेवून दावे फेटाळले. जळलेल्या भागात फक्त आगरोधक बांधकाम चालेल, असा खर्चिक नियमही नगरपालिकेने काढला. बी. सी. फ्रँकलिन या वकिलांनी तंबूत कार्यालय थाटून त्याविरुद्ध खटला लढवला, तो नियम रद्द झाला आणि लोकांनी आपापल्या जमिनीवर पुन्हा बांधलं. १९२५ मध्ये नॅशनल निग्रो बिझनेस लीग या कृष्णवर्णीय उद्योजकांच्या देशव्यापी संघटनेचं वार्षिक अधिवेशन टल्सात भरलं, यावरून तो वेग कळेल.

दुसरा घाव नगर-पुनर्विकासाचा आणि महामार्गाचा. १९६० च्या दशकापासून ग्रीनवूडमधून रस्ता काढला गेला. डरहॅमच्या हेटी भागाचंही तसंच झालं. आगीनंतर जमीन लोकांच्याच नावावर होती, म्हणून घर पुन्हा बांधता आलं. महामार्गाच्या वेळी जमीनच गेली. भरपाई जागेच्या मालकाला मिळे. भाड्याच्या गाळ्यात वीस वर्षं जमवलेल्या गिऱ्हाइकांची किंमत कोणी धरत नसे. शिवाय गिऱ्हाइकं पांगल्यावर दुसरीकडे दुकान मांडून काय उपयोग? आजही वस्तीतल्या धंद्याचा पाया तपासायचा असेल तर आधी भाडेकरार वाचावा : मुदत किती, नूतनीकरणाचा हक्क भाडेकरूला आहे का, दरवर्षी किती टक्के वाढ, आणि इमारत विकायला निघाली तर पहिली विचारणा कोणाला.

प्रश्न : ताजी भाजी न मिळणाऱ्या वस्तीत रहिवाशांनी सहकारी किराणा दुकान काढणं हा उपाय चांगला वाटतो. काही ठिकाणी तो चालतो, काही ठिकाणी बंद पडतो. असं का?

उत्तर : नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरोचं उदाहरण नीट पाहण्यासारखं आहे. शहराच्या ईशान्य भागातलं विन-डिक्सी हे साखळी किराणा दुकान १९९८ मध्ये बंद झालं. साखळी दुकानं फिरकेनात, तेव्हा रहिवाशांनी वर्षानुवर्षं मेहनत करून २०१६ मध्ये रेनेसान्स कम्युनिटी को-ऑप उघडलं. जानेवारी २०१९ मध्ये ते बंद झालं. उत्साह होता, सभासद होते. विक्री अंदाजाइतकी झाली नाही.

अशा दुकानाचं गणित कठोर असतं. १०० डॉलरच्या विक्रीत माल वजा जाता २५ ते ३० उरतात. त्यातून पगार, भाडं, शीतपेट्यांची वीज, नासाडी आणि व्याज भागवायचं. शेवटी हातात एक-दोन डॉलर आले तरी दुकान उत्तम चाललं म्हणायचं. विक्री अंदाजापेक्षा दहा टक्के कमी भरली की पगार आणि वीज तेवढीच राहते आणि तोटा थेट खेळत्या भांडवलातून जातो. भांडवल आटलं की घाऊक मागणी लहान होते, फळ्या रिकाम्या दिसतात, गिऱ्हाईक आठवड्याचा मोठा बाजार परत दूरच्या स्वस्त दुकानात करतं आणि इथे फक्त दूध-ब्रेड घेतं. या उताराला लागलेलं दुकान क्वचितच वर येतं.

म्हणून काही गोष्टी दार उघडण्याआधी व्हाव्यात. बाजाराचा अंदाज बाहेरच्या, किराण्यातल्या जाणकाराकडून करून घ्यावा. आपल्याच समितीने केलेला अंदाज हमखास फुगतो. सभासदांना "तुम्ही याल का?" असं विचारू नये, "गेल्या आठवड्यात कुठे, किती खर्च केला?" असं विचारावं. पहिली दोन वर्षं तोटा होणार हे धरून तेवढी रक्कम बाजूला ठेवावी आणि तिला यंत्रसामग्रीसाठी हात लावू नये. जागा गरजेपेक्षा लहान घेणं बरं. वेस्ट ओकलंडचं मंडेला ग्रोसरी २००९ मध्ये अगदी छोट्या जागेत सुरू झालं, मालकी काम करणाऱ्यांचीच आहे, आणि ते टिकलं. डेट्रॉइटच्या पीपल्स फूड को-ऑपने वेगळी वाट घेतली : बरीच वर्षं २०० डॉलरच्या भागावर (शेअरवर) सभासद जमवले आणि २०२४ मध्ये दुकान उघडलं. सभासदाला मत एकच.

सरकारी अन्नसाहाय्याचं कार्ड, म्हणजे स्नॅप, पहिल्या दिवसापासून चाललं पाहिजे. परवानगी कृषी खातं देतं, अर्जाला शुल्क नाही. २०१८ मध्ये लागू झालेल्या नियमाप्रमाणे चार गट लागतात : भाजी-फळं, मांस-मासे, दुग्धजन्य पदार्थ, ब्रेड-धान्य. प्रत्येक गटात तीन प्रकार आणि प्रत्येक प्रकाराचे तीन नग, म्हणजे कमीत कमी ३६ नग. शिवाय दोन गटांत नाशवंत माल हवा. अर्ज करताना ताजा नियम पाहून घ्यावा, कारण हे आकडे बदलतात. गरम शिजवलेलं अन्न या कार्डावर सहसा चालत नाही, तेव्हा गल्ल्यावरच्या यंत्रात त्याचा वेगळा संकेतांक टाकावा. तो चुकला की परवाना धोक्यात येतो.

नासाडीसाठी एकच सवय पुरेशी आहे. रोज संध्याकाळी टाकलेल्या मालाचं वजन नावानिशी वहीत लिहायचं. आठवड्याभरात दिसतं की तोटा सगळ्या भाजीत नाही, दोन-तीन पालेभाज्यांतच आहे. त्यांची मागणी आठवड्यातून एकदा मोठी न देता तीनदा छोटी द्यायची.

प्रश्न : बँकेने कर्ज नाकारलं तर छोट्या कृष्णवर्णीय व्यावसायिकापुढे कोणते मार्ग असतात? तिथेही आपल्या भिशीसारखं काही चालतं का?

उत्तर : चालतं. पश्चिम आफ्रिका आणि कॅरिबियनमधून आलेली 'सूसू' म्हणजे भिशीच : दहा जणांनी दरमहा ठरावीक रक्कम भरायची आणि पाळीपाळीने एकाने उचलायची. शिलाई यंत्रं किंवा गाळ्याची अनामत यासाठी ती उपयोगी पडते. अडचण अशी की हप्ते बिनचूक भरले तरी पतगुणांकात त्याची नोंद होत नाही, आणि मोठ्या कर्जाच्या वेळी हाती पुरावा राहत नाही. सूसूचा हप्ता निदान बँक खात्यातून द्यावा, म्हणजे शिस्त कागदावर दिसते.

बँकेनंतरचा दरवाजा सामुदायिक विकास वित्तसंस्थांचा, म्हणजे सीडीएफआयचा. १९९४ च्या कायद्याने त्यांना केंद्र सरकारचा निधी मिळू लागला. केंद्राच्या लघुउद्योग प्रशासनाची ५०,००० डॉलरपर्यंतची सूक्ष्मकर्जं अशाच ना-नफा संस्थांमार्फत मिळतात. त्या पतगुणांकापलीकडे पाहतात, पण कागद मागतातच : करविवरणपत्रं, वर्षभराची बँक विवरणं, भाडेकरार आणि महिनावार रोखीचा अंदाज. सर्वसाधारण कसोटी अशी की वर्षाच्या हप्त्यांच्या प्रत्येक डॉलरमागे किमान सव्वा डॉलरची कमाई दिसावी.

इथेच रोखीचा धंदा अडतो. कर वाचवायला उत्पन्न कमी दाखवलेलं असतं, आणि मग कर्जासाठी तीच कमी कमाई पुढे येते. २०२० च्या महामारीतल्या पगार-संरक्षण कर्जांत, म्हणजे पीपीपीत, हे उघड झालं. बँकांनी आधी आपली जुनी कर्जदार गिऱ्हाइकं पाहिली. एकट्याने धंदा करणाऱ्याची रक्कम निव्वळ नफ्यावर ठरत होती. मार्च २०२१ मध्ये ती एकूण उत्पन्नावर आणली, तोवर कित्येकांच्या वाट्याला नगण्य रक्कम आली होती. कृष्णवर्णीयांचे बहुसंख्य धंदे एकट्यानेच चालतात. जनगणना खात्यानुसार २०२१ मध्ये पगारी नोकर असलेले कृष्णवर्णीय मालकीचे उद्योग सुमारे १ लाख ६१ हजार होते; देशातल्या अशा उद्योगांच्या तीन टक्क्यांहूनही कमी.

एका गोष्टीपासून कटाक्षाने दूर राहावं : रोजच्या कार्ड-विक्रीतून वसूल होणारी आगाऊ रक्कम. २०,००० घ्यायचे आणि १.३ च्या पटीने २६,००० फेडायचे. ऐकायला तीस टक्के वाटतात. पण फेड सहा महिन्यांत, रोज होते, म्हणजे मुद्दल पहिल्या दिवसापासून कमी होत जातं आणि वार्षिक दर शंभर टक्क्यांच्या आसपास पडतो. पहिली रक्कम फेडायला दुसरी घेणारे यातून सुटत नाहीत.

प्रश्न : केसांच्या धंद्याचा उल्लेख या इतिहासात सारखा येतो. त्यात विशेष काय?

उत्तर : भांडवल कमी, गिऱ्हाईक दर दोन-चार आठवड्यांनी परत येणारं आणि कौशल्य वस्तीतच असलेलं. गुलामगिरीत जन्मलेल्या अलोन्झो हर्न्डन यांनी अटलांटातल्या आपल्या केशकर्तनालयांच्या कमाईतून १९०५ मध्ये एक छोटी विमा संस्था १४० डॉलरला घेतली; तीच पुढे अटलांटा लाइफ झाली. केसांची उत्पादनं विकणाऱ्या उद्योजिका मॅडम सी. जे. वॉकर यांनी विक्रेत्या स्त्रियांची मंडळं बांधली, आणि फिलाडेल्फियातल्या १९१७ च्या मेळाव्यात बक्षिसं विक्रीबरोबरच समाजकार्यालाही दिली.

आजचं उदाहरण लॉस एंजेलिसचं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ५२ केशकर्तनालयांतल्या ३१९ कृष्णवर्णीय पुरुषांचा रक्तदाब पाहिला गेला. काही दुकानांत औषधतज्ज्ञ स्वतः येऊन तिथेच औषध ठरवत. सहा महिन्यांत त्या गटाचा वरचा रक्तदाब सरासरी २७ अंकांनी उतरला. ज्यांना नाभिकाने नुसता सल्ला देऊन डॉक्टरकडे धाडलं त्यांचा ९ अंकांनी. खुर्चीतला विश्वास कामी आला, पण औषध तिथेच मिळालं म्हणून.

परवान्याची आडकाठी मात्र ओळखून असावी. वेण्या घालणाऱ्या स्त्रियांकडून कित्येक राज्यं हजार तासांहून मोठा सौंदर्यप्रसाधनाचा अभ्यासक्रम मागत, ज्यात वेण्या जवळजवळ शिकवतच नसत. मिसिसिपीने २००५ मध्ये हे बदललं : आरोग्य खात्याकडे नोंदणी, २५ डॉलर शुल्क आणि स्वच्छतेवरची स्वयंचाचणी. नियम राज्यागणिक वेगळे आहेत, म्हणून राज्य बदलताना नोंदणी आधी पाहावी.

प्रश्न : फक्त कृष्णवर्णीय मालकांसाठी अनुदान ठेवणं कायद्याला धरून आहे का?

उत्तर : २०२४ पासून अवघड झालं आहे. उद्योगांत पैसा गुंतवणाऱ्या अटलांटाच्या फिअरलेस फंडाची कृष्णवर्णीय स्त्रियांसाठी २०,००० डॉलरची अनुदान स्पर्धा होती. तिच्याविरुद्ध १८६६ च्या नागरी हक्क कायद्यातून आलेल्या कलमाचा आधार घेतला गेला. करारात वंशभेद करू नये असं ते कलम म्हणतं. मुक्त झालेल्या गुलामांच्या संरक्षणासाठी तो कायदा झाला होता. जून २०२४ मध्ये अपील न्यायालयाने स्पर्धा थांबवली आणि सप्टेंबरमध्ये तडजोड होऊन ती बंद झाली. त्यामुळे निकष ठरवताना भौगोलिक विभाग, उत्पन्न, धंद्याचा आकार किंवा आधी कर्ज नाकारलं गेल्याचा दाखला याकडे वळणं जास्त सुरक्षित. मसुदा वकिलाने पाहिल्याशिवाय जाहिरात देऊ नये.

प्रश्न : मी अटलांटात राहते. माझी थोडी बचत कृष्णवर्णीय मालकीच्या बँकेत ठेवावी म्हणते. सुरक्षित आहे का, आणि त्याचा खरंच उपयोग होतो का?

उत्तर : सुरक्षितता कोणत्याही विमाधारक बँकेइतकीच : एका ठेवीदाराची एका बँकेतली अडीच लाख डॉलरपर्यंतची ठेव एफडीआयसी या केंद्र सरकारच्या ठेव-विमा संस्थेच्या विम्यात येते. बँक खरोखर त्या वर्गातली आहे का, हे एफडीआयसीच्या अल्पसंख्याक-मालकीच्या बँकांच्या यादीत पाहता येतं. तुमच्या शहरातली सिटिझन्स ट्रस्ट १९२१ पासूनची आहे.

उपयोग होतो, पण कसा ते लक्षात घ्या. ठेव ही बँकेची देणी असते. ठेवी वाढल्या आणि बँकेचं स्वतःचं भांडवल तेवढंच राहिलं तर भांडवलाचं प्रमाण घसरतं आणि नियामक तिला कर्ज वाढवू देत नाही. २०२० मध्ये अशा बँकांकडे ठेवींचा ओघ आला तेव्हा हीच अडचण पुढे आली. पुढे केंद्राच्या अर्थखात्याने आपत्कालीन भांडवल योजनेतून सामुदायिक बँका आणि पतसंस्थांत आठ अब्ज डॉलरहून अधिक भांडवल घातलं. तुमच्यापुरतं म्हणाल तर कधीही काढता येणाऱ्या खात्यापेक्षा वर्ष-दोन वर्षांची मुदत ठेव बरी, कारण तिच्या भरवशावर बँकेला लांबची कर्जं देता येतात. व्याजदर इतर बँकांशी ताडून पाहा. खातं उघडताना आणखी एक विचारा : गेल्या वर्षी लहान व्यवसायांना किती कर्जं दिली आणि ती कोणत्या भागांत.